म्हसबारीचा उतार

दीपक गेला त्याला तीन महिने होत आले तरी हर्षाली रडली नव्हती, आणि ही गोष्ट गावाच्या पचनी पडत नव्हती. गिरणाऱ्याच्या पुढचं ते साठ-सत्तर घरांचं गाव. तिथे कोण किती रडलं यावर बायकांचं बारीक लक्ष असतं. दहाव्याला आलेल्यांनी तिला गळ्याशी घेऊन पाहिलं, गदगदा हलवून पाहिलं, दीपकच्या लहानपणच्या गोष्टी काढून पाहिल्या. ती आपली पाहुण्यांना पाण्याचे तांबे भरून देत राहिली. एक जण जाता जाता म्हणालीच, की चांदवडकडची माणसं कोरडीच. चांदवडला पाऊस कमी पडतो हे खरं, पण त्याचा संबंध सुनेच्या डोळ्यांशी लावणं म्हणजे अतीच झालं.

खरं सांगायचं तर हर्षालीलाही स्वतःचं नवल वाटत होतं. भाकरी करताना हाताला चटका बसला तर फोड आलेला दिसायचा, चटका कळलेला नसायचा. भाजीत मीठ राहिलं तर सासू, मालनबाई, सांगायची तेव्हा समजायचं. सकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, नाशिकला जाणाऱ्या टेम्पोत भरायच्या, दुपारी निंदणी करायची, दिवस संपायचा. दुःख असेल कुठेतरी. तिला ते सापडत नव्हतं आणि शोधायला ती जातही नव्हती.

मग नव्याण्णवचा फेब्रुवारी लागला आणि म्हसबारीवरच्या कलमांनी माना टाकायला सुरुवात केली.

डोंगरातल्या खिंडीला इकडे बारी म्हणतात. गावाच्या मावळतीला म्हसबारी चढून गेलं की वर सपाट माळ लागतो, आणि त्यात केरूची, म्हणजे हर्षालीच्या सासऱ्याची, तीन एकर जमीन आहे. नागली आणि दगड यांखेरीज तिथे कधी काही पिकलं नव्हतं. दीपकने दीड वर्षापूर्वी तिथे केसर आंब्याची एकशेवीस कलमं लावली. गावाने पोटभर हसून घेतलं. त्याने प्रत्येक कलमाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात ओवली. मडकं भरून ठेवलं की मुळाशी पाणी झिरपत राहायचं. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा मडकी भरायची, असे दोन उन्हाळे निघाले की मुळं खोल जातात आणि झाड आपलं आपण बघतं. पहिला उन्हाळा दीपकने काढला होता. हा दुसरा होता.

वर पाणी न्यायचं साधन एकच, दीपकची जीप. देवळाली कॅम्पातल्या लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेली, मागे दोन पिंपं बांधलेली. ट्रॅक्टर चढला असता, पण वरच्या वळणात ट्रॉली वळत नव्हती, आणि बैलगाडीचं तर नावच नको. याच जीपसकट दीपक नोव्हेंबरात म्हसबारीच्या उतारावरून घळीत गेला होता. घरापुढच्या ओट्यासाठी वरून दगड भरून आणत होता तो. केरूने जीप सिन्नरच्या गॅरेजातून नीट करून आणली आणि दारात गोणपाटाखाली झाकून ठेवली. नीट कशाला केली आणि झाकली कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

केरूने एकतीस वर्षं ट्रक चालवला होता. चांदवडचा कांदा मुंबईला न्यायचा. एकतीस वर्षांत साधं मडगार्ड कुठे घासलं नाही. घरात भिंतीवर मोठं घड्याळ होतं, मालकाने सत्कार करून दिलेलं, आणि काचेवर सोनेरी अक्षरं होती, ‘डिझेल बचत – प्रथम क्रमांक’. इगतपुरी सोडली की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि घाट संपेपर्यंत डिझेलचा थेंब जाळायचा नाही, ही त्याची कला. चहाला आलेल्या प्रत्येकाला तो घाट त्याच्याबरोबर उतरावा लागे. दीपकला त्याने गाडी शिकवली तीही याच घड्याळाखाली बसून, आधी तोंडी आणि मग रस्त्यावर.

कलमं सुकायला लागली तशी केरूने एका सकाळी गोणपाट काढलं, पिंपं भरली आणि जीप बारीला लावली. डांबरावरचा तो राजा माणूस, पण पहिल्या मोठ्या दगडाशीच चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खडी उडाली, रबराचा वास सुटला. मोठ्या गिअरच्या बाजूला दोन छोटे दांडे होते. त्यांच्याकडे तो परक्या घरातल्या देव्हाऱ्याकडे बघावं तसा बघत राहिला, हात लावायचा धीर होईना. शेवटी जीप उलटी घेत घेत खाली आणली आणि पुन्हा गोणपाट टाकलं.

“मरू दे ती कलमं,” तो म्हणाला. “ज्याची होती तो गेला.”

मग सासू-सुनेने आठवडाभर डोक्यावर हंडे वाहिले. एकशेवीसपैकी चाळीस मडकी भरली आणि मालनबाईचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. हर्षालीला त्या कलमांची फार माया होती अशातला भाग नाही. पण दीपकचं एवढं एकच काम अर्धवट राहिलं होतं, आणि वरच्या रांगेतली पानं कडेने तपकिरी होताना तिला बघवत नव्हती. तीन महिन्यांत तिला काही बघवलं नाही असं हे पहिलंच.

सपाटीवर तिला जीप चालवता येत होती. दीपकने जत्रेच्या मैदानात हौसेने शिकवली होती. अडलं होतं ते त्या दोन दांड्यांपाशी आणि दगडांपाशी. त्यातलं कळणारा पंचक्रोशीत एकच माणूस होता, आणि त्याचं नाव घरात घ्यायची सोय नव्हती.

गोटीराम लष्करात गाड्यांवर मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर त्याने फाट्यावर गॅरेज टाकलं. अपघाताच्या आठच दिवस आधी दीपकच्या जीपचे ब्रेक त्याने नवे बसवले होते. पोलिसांच्या कागदात ‘ब्रेक फेल’ असं आलं, आणि दहाव्याला चार माणसांत केरू म्हणाला, “गोटीरामनं माझं पोर मारलं.” गोटीराम तिथेच उभा होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेला. एक शब्द बोलला नाही. न बोलणारा माणूस दोषी असतो असं गावाचं पक्कं मत आहे, त्यामुळे त्या दिवसापासून त्याच्या गॅरेजात या गावातलं पंक्चरसुद्धा गेलं नाही.

जेवताना हर्षाली म्हणाली, “नाना, मी गोटीरामकाकांकडं गाडी शिकणार हाय. डोंगरावरची.”

केरूचा घास हातात राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. मालनबाई गुडघ्याला तेल चोळत होती.

“माझ्याकडं काय बघता,” ती म्हणाली. “माझ्या गुडघ्यात आता एक हंडा बी राहिला नाय. तुम्हाला चढती का गाडी?”

केरूने ताटावरून उठून हात धुतले आणि तो बाहेर गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. हर्षालीने त्याचं हो धरलं.

गोटीरामने तिला बघून काही विचारलं नाही. हातातला पाना पुसला आणि म्हणाला, “उद्या सकाळी बारीखाली ये. गाडी आणू नको.”

“गाडी नको?”

“आधी पायानं.”

दोन दिवस त्याने तिला नुसतं चालवलं. म्हसबारी चढायची, उतरायची. प्रत्येक दगडाशी थांबवून विचारायचा, इथं डावं चाक कुठं पडंल, उजवं कुठं. चुकली की पुन्हा खालून. ती रोज जळणाला जायची तीच ही वाट, पण चाकाच्या डोळ्यांनी तिने ती कधी पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने जीप मागवली आणि आधी चारी टायरांतली थोडी थोडी हवा सोडली.

“कडक टायर दगडावरून उडतो. मऊ टायर दगडाला धरतो,” तो म्हणाला. “आता स्टेअरिंग धर. अंगठे बाहेर.”

“म्हणजे?”

“अंगठा आत गुंडाळायचा नाय. चाक दगडाला अडकलं की स्टेअरिंग उलटं फिरतं, फटका मारतं.” त्याने आपला उजवा अंगठा दाखवला. मधल्या पेरात वाकडा होता. “लडाखात मोडला. मला कुणी सांगितलं नव्हतं.”

छोट्या दांड्यांचं गूढ पाच मिनिटांत संपलं. एकाने पुढची चाकं इंजिनाला जोडली जात, म्हणजे चारही चाकं ओढायला लागत. दुसऱ्याने गाडीचा पळ कमी होई आणि ताकद वाढे. “पहिला गिअर, बारका दांडा खाली, आणि क्लचवरनं पाय काढ. गाडीला तिच्या चालीनं जाऊ दे. घाई आपल्याला असती, तिला नसती.” हर्षाली डोक्यावरचा पदर सावरायला गेली तेव्हा तो म्हणाला, “तो कमरेला खोच. दोन्ही हात लागतील.”

नदीच्या कोरड्या पात्रात आठवडाभर गाडी दगडांवरून चढली, उतरली, एकदा पोटावर टेकून अडकली. गोटीराम तिरक्या चाकाकडे बघून ओरडायचा, ती सांगितलं तेवढं करायची. एकदा जीप एका बाजूला इतकी कलली की त्यालाच दांडी धरावी लागली. हर्षालीचा चेहरा हलला नाही.

“तुला भीती वाटत नाय,” तो म्हणाला.

“नाय वाटत.”

“हे काय बरं नाय, पोरी. भीती वाटली पायजे. भीती वाटली की माणूस नीट बघतो.”

वाटायला पाहिजेत अशा बऱ्याच गोष्टी होत्या. भीती त्यांतली एक.

पहिल्यांदा बारी चढली तेव्हा पिंपं भरलेली होती. दगडाला चाक लागलं की इंजिन गुरगुरे, गाडी जराशी थांबल्यासारखी होई आणि मग सावकाश वर जाई. केरूला जिथून उलटं फिरावं लागलं होतं तो दगड मागे पडला. वरचं वळण आलं, गेलं. माळावर पोचल्यावर तिने एक-एक मडकं भरलं. कोरड्या मडक्यात पाणी पडलं की बारीक चुरचुर आवाज येतो, तो तिला ऐकू आला. पिंपांत साठ मडक्यांपुरतं पाणी होतं, राहिलेली दुसऱ्या खेपेला.

चुकली ती उतरताना. उताराच्या तोंडाशी एक पळस आहे. तिथे आल्यावर हर्षालीचा डावा हात आपोआप गिअरवर गेला आणि तिने गाडी न्यूट्रलला टाकली. दीपक इथेच टाकायचा. शेजारी बसून तिने शंभर वेळा पाहिलं होतं, इंजिनाचा आवाज खाली यायचा, गाडी सुटायची आणि तो शीळ घालायचा.

गोटीरामने एका हाताने हँडब्रेक खेचला आणि दुसऱ्या हाताने स्टेअरिंग धरलं. जीप पळसाला टेकून उभी राहिली.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“शिकवलं नाय कुणी. हे असंच उतरायचे,” हर्षाली म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, अजूनही घेत नव्हती.

गोटीराम खाली उतरला. दोन-चार पावलं चालला, परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“चढायला जो गिअर लागतो ना, त्याच गिअरात उतरायचं,” तो म्हणाला. “इंजिन गाडीला मागनं धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की चाकं मोकळी सुटतात. मग सगळं वजन येतं ब्रेकवर. रिकाम्या गाडीला एखादे वेळी निभतं. दोन वर्षं निभलं त्याचं. दगड भरल्यावर नाय निभलं.”

हर्षालीने गिअरवरचा हात काढून घेतला.

“घळीत पहिला मी उतरलो,” तो सांगत होता, तिच्याकडे न बघता. “गिअर न्यूट्रलला होता. ब्रेक जळल्याचा वास येत होता. ब्रेक लागले होते, पोरी. जळेस्तोवर लागले होते.”

“मग तुम्ही बोलला का नाय? दहाव्याला एवढं झालं तरी?”

“काय बोलू? न्यूट्रलला कोण शिकवतं हे सगळ्या गावाला पाठ हाय. तुमच्या भिंतीवर घड्याळ हाय त्याचं.” त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “एका माणसाचं पोर गेलं होतं. त्याच्या डोक्यावर हे बी ठेवू? माझं काय, मला पेन्शन हाय. तू बी बोलू नको.”

हर्षालीला वाटलं, आता तरी आत काहीतरी होईल. काहीतरी फुटेल, निदान राग येईल. ती वाट बघत बसली. पळसाला केशरी फुलं आली होती, दोन बोनेटवर पडली होती. काही झालं नाही. तिने पहिला गिअर टाकला, बारका दांडा खाली केला, हँडब्रेक सोडला. इंजिन कण्हल्यासारखं करत जीपला धरून खाली नेऊ लागलं, आणि तिचे दोन्ही पाय नुसते पत्र्यावर टेकलेले होते.

त्यानंतर गोटीराम आला नाही. आता तुझं तू, म्हणाला. हर्षाली सोमवारी आणि शुक्रवारी पाणी चढवू लागली. गावाला बोलायला नवा विषय मिळाला. रडत नाही ती नाही, वर गाडी चालवते. पण दहा-बारा दिवसांत खालच्या रांगेत तांबूस कोवळी पालवी दिसली, आणि एक-दोघं सहज फिरायला म्हणून माळावर येऊन बघून गेले.

घरात ती घड्याळाखाली बसून जुड्या बांधायची. वर बघितलं की सोनेरी अक्षरं दिसायची. केरूवर चिडावं असं तिला रोज वाटे, पण चिडायलाही आत काहीतरी जागं लागतं. केरू तिच्याशी बोलत नव्हता. गोटीरामने शिकवलेल्या सुनेच्या गाडीत तो बसणार नव्हता, त्यामुळे पाण्याच्या दिवशी तो जीपच्या आधी पायी वर जाई, आणि ती पोचली की पिंपाला नळी लावून मडकी भरू लागे. कामात तो कसलेला होता. काम झालं की पायीच खाली.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी, माळावर मडकी भरून झाल्यावर, त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सुईने उकरून पाहिलं, निघेना. पाय टेकवेना. तो जीपपाशी लंगडत आला आणि उभा राहिला. आजवर तो आणि सून एका गाडीत असले तर तो पुढे बसे आणि ती मागे. आता पुढे गाडी चालवायला तीच होती. त्याने मागे पिंपांकडे पाहिलं, बसायला जागा नव्हती. हर्षालीने कमरेचा पदर काढून डोक्यावर घेतला आणि शेजारच्या सीटवरची गोणी उचलली. केरू चढून बसला, तोंड बाहेरच्या बाजूला करून.

पळसापाशी आल्यावर तो म्हणाला, “न्यूट्रल कर.”

चार आठवड्यांतलं त्याचं तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यात काही नव्हतं, सवय होती. हर्षालीने गाडी थांबवली. ऐकलं असतं तर काही बिघडलं नसतं. पिंपं रिकामी होती, उतार तिला पायपाठ होता, आणि गोटीरामचा शब्द राहिला असता. केरूने आयुष्यभर गोटीरामला शिव्या घातल्या असत्या, गोटीराम आयुष्यभर टोपी काढून घालत राहिला असता.

“नाय करणार, नाना,” ती म्हणाली.

“का? डिझेल जाळती उगाच.”

“जळू द्या.”

तिने पहिला गिअर टाकला. इंजिन घुमायला लागलं, जीप पावलापावलाने खाली निघाली. केरूने तिच्या हातांकडे पाहिलं, बाहेर ठेवलेल्या अंगठ्यांकडे पाहिलं, मग त्याची नजर खाली गेली. एकतीस वर्षांचा ड्रायव्हर होता तो. दुसऱ्याच्या गाडीत बसला की पाय बघायचा, चेहरा नाही.

“ब्रेकवर पाय नाय तुझा,” तो म्हणाला.

“लागत नाय.”

“अख्ख्या उताराला?”

“अख्ख्या उताराला लागत नाय, नाना. गिअर धरतो.”

पुढे ते वळण आलं. घळीच्या कडेला अजून दगड सांडलेले होते, ओट्याचे. जीप त्यांच्या बाजूने माणसाच्या चालीने गेली. केरूने दगडांकडे पाहिलं, मग गिअरकडे. हर्षाली समोर बघत राहिली. तिला बोलायची गरज नव्हती. जे सांगायचं होतं ते गाडीच सांगत होती, सावकाश, खालपर्यंत.

सपाटीला लागल्यावर केरूने विचारलं, “त्या दिवशी गिअर न्यूट्रलला होता?”

“हो.”

“कोण म्हणलं?”

“काका म्हणले. घळीत ते पहिले उतरले होते. ब्रेक जळेपर्यंत लागले होते म्हणले.”

“आणि गप्प बसला?”

“तुमच्यासाठी.”

इंजिन चालूच होतं. केरू म्हणाला, “फाट्यावर घे.”

गॅरेजात गोटीराम एकटाच होता, एका सायकलच्या चाकाचे आरे ताणत. केरू लंगडत आत गेला. हर्षाली गाडीतच थांबली, पण सगळं ऐकू येत होतं, कारण फारसं काही बोललंच गेलं नाही.

“मी शिकवलं त्याला,” केरू म्हणाला.

“माहीत हाय.”

“दहाव्याला मी तुला...”

“पायाला काय झालं?” गोटीरामने विचारलं. त्याने खुर्ची ओढली, केरूला बसवलं, त्याची टाच आपल्या मांडीवर घेतली आणि बारीक पक्कड आणून काटा काढू लागला. काटा निघाला तरी केरूचे खांदे हलत राहिले. गोटीरामने टाच मांडीवर तशीच धरून ठेवली. हर्षालीने तोंड फिरवलं आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत बसली. तिचे डोळे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर घड्याळ नव्हतं. मालनबाईने विचारलं, तर केरू म्हणाला, “मागं पडत होतं.”

सोमवारी तो जीपमधूनच वर आला. मडकी भरून झाली, नळी गुंडाळली, आणि तो ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

“मी उतरवू?” त्याने विचारलं. सांगितलं नाही, विचारलं. “तू सांग कसं ते.”

हर्षाली दुसऱ्या बाजूने चढली. चारी चाकं जोडायचा दांडा दाखवला, बारका दांडा खाली करून दाखवला. “अंगठे बाहेर, नाना.” त्याने पोरासारखे अंगठे बाहेर काढले. “पहिला गिअर. क्लचवरनं पाय काढा. ब्रेकला हात... ब्रेकला पाय लावायचा नाय.” तिचीच जीभ अडखळली. शिकवणं अवघड असतं हे तिला तेव्हा कळलं.

जीप पळसापाशी आली. पुढे उतार दिसायला लागला, तसा केरूचा डावा हात स्टेअरिंगवरून निघाला आणि गिअरवर गेला. त्याने नेला नव्हता, तो आपला आपण गेला, एकतीस वर्षं जात होता तसा. मूठ आवळली गेली. केरूने आपल्याच हाताकडे पाहिलं. हात तिथून निघेना. पुढे जाईना की मागे येईना.

सून सासऱ्याच्या पायाला हात लावते, नमस्कारापुरता. हाताला कधी लावत नाही. हर्षालीने आपला उजवा हात त्याच्या हातावर ठेवला, घट्ट दाबला, आणि गिअर आहे तिथेच धरून ठेवला.

“राहू द्या तिथंच,” ती म्हणाली. “चला.”

जीप उतरू लागली. इंजिन कण्हत होतं, दांडा तळहाताखाली थरथरत होता. केरूचा हात खरबरीत आणि रुंद होता, अंगठ्याच्या बुडाशी जाड. हाताला ऊब होती. हा हात तिच्या ओळखीचा होता. अशाच रुंद हाताने जत्रेच्या मैदानात तिचा हात गिअरवर धरून पहिला, दुसरा, तिसरा दाखवला होता, आणि चुकली की तो हसायचा.

तिला तो हात जाणवला. मग त्याचं वजन जाणवलं, मग डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं, आणि पहिल्या वळणाच्या आत हर्षाली हुंदके देऊन रडू लागली. पदराने तोंड झाकायला हात मोकळा नव्हता, आणि तिने तो सोडलाही नाही. “दीपक,” ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने सासऱ्यासमोर घेतलं. पुन्हा घेतलं.

केरूने तिच्याकडे बघितलं नाही. त्याला उतारावर लक्ष ठेवायचं होतं. दोघांचेही पाय पत्र्यावर टेकलेले होते, आणि सांडलेल्या दगडांच्या बाजूने गाडी तिच्या चालीने खाली जात होती.